अंतर जास्त, तरी विमान लवकर पोहोचतं! दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचं गणित

ऑगस्ट जवळ आला की एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या मंडळींचे मेसेज मला यायला लागतात. ‘दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,४०० किमी दाखवतंय. विमानाचा वेग ९००. मग १४ तास होतात ना? तिकिटावर १६ कसे?’

अंतर दाखवणाऱ्या साइट्स सहसा हॅवर्साइनसारखं सूत्र वापरतात. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची त्रिज्या (६,३७१ किमी) दिली की गोलावरचं सर्वांत कमी अंतर मिळतं. कोड जेमतेम दहा ओळींचा. पण हा मार्ग तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक आणि अलास्का असा जातो, आणि सूत्राला डोंगर दिसत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच साधारण ३ किमी उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटचं पठारच त्याहून उंच आहे! म्हणून विमानं शक्यतो ते टाळतात.

खरी गंमत वाऱ्याची आहे. ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यावर चालून बघा: पट्ट्याच्या दिशेने गेलात तर पटकन पोहोचता, उलट गेलात तर दमता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हेच केलं. आधी त्यांचं विमान अटलांटिकवरून जायचं. त्यांनी ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाला, पण विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. भागाकार करून बघा, जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० किमीच्या पुढे जातो. मला तर हे भारी वाटतं.

आता तिकिटाकडे या, कारण खरा गोंधळ इथेच होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. समजा ऑगस्टमध्ये दिल्लीहून पहाटे ४ ला निघालात आणि प्रवास साडेपंधरा तासांचा आहे. तिथे उतराल त्याच दिवशी सकाळी ७ ला! नुसती वजाबाकी केली तर ३ तास येतात. परतीला उलटं: सकाळी १० ला निघून १६ तास उडालात, तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारचे अडीच वाजलेले असतात.

आम्ही कोडमध्ये आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये बदलतो, मगच वजा करतो. तुम्हीही तेच करा: दिल्लीच्या वेळेतून साडेपाच तास वजा, कॅलिफोर्नियाच्या वेळेत उन्हाळ्यात ७ आणि हिवाळ्यात ८ तास मिळवा. हॉटेल किंवा पुढची कनेक्टिंग फ्लाइट वेगळी बुक करत असाल तर हे आधी कागदावर मांडा. एका तारखेची चूक झाली तर पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत.