रॉझवेलचे अवशेष आणि ट्रान्झिस्टर

१९४७ मध्ये अमेरिकेत रॉझवेलजवळ कोसळलेल्या परग्रहावरील यानाचे भाग लष्कराने गुपचूप उद्योगांना दिले आणि त्यातून चिप, प्रकाशतंतू, रात्री पाहण्याची उपकरणे निघाली, असा दावा निवृत्त लेफ्टनंट कर्नल फिलिप कोर्सो यांनी १९९७ साली पुस्तकातून केला. दाव्याच्या लोकप्रिय आवृत्त्यांत ट्रान्झिस्टरही जोडला जातो.

या शोधांची वंशावळ मात्र उघड आहे. भौतिकशास्त्रज्ञ लिलिएनफेल्ड यांनी ट्रान्झिस्टरसारख्या उपकरणासाठी १९२० च्या दशकातच पेटंट मागितले होते. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत बार्डीन आणि ब्रॅटन या शास्त्रज्ञांनी ट्रान्झिस्टर बनवताना जर्मेनियमवर प्लास्टिकची पाचर टेकवली. तिच्या कडेवरचा सोन्याचा पत्रा ब्लेडने चिरलेला होता. इतकी ओबडधोबड जुळणी परग्रहावरून आणावी लागत नाही. अंधारात पाहणारी अवरक्त उपकरणे तर दुसऱ्या महायुद्धातच जर्मन सैन्याकडे होती.

रॉझवेलला सापडलेले अवशेष सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे होते, असे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. १९४७ मध्ये हवामानाचा फुगा म्हणून वेळ मारून नेली होती. संशयाला खतपाणी मिळाले ते तिथेच. २०२४ च्या पेंटागॉनच्या अहवालातही परग्रही तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नाही.