वरची लादी, खालची ओल

मार्च महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये १४ एप्रिलच्या जयंतीची तयारी सुरू होते. घराला रंगसफेदी होते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी उतरवून पुसल्या जातात, गोधड्या उन्हात पडतात. सगळ्या घरावरून हात फिरतो; राहते ती स्वयंपाकघराची फरशी. ती फुटलेली असते, सांध्यांत काळा मळ बसलेला असतो, कितीही घासली तरी स्वच्छ दिसत नाही. फोडून नवी घालायची तर गवंडी, मजूर, रेती-सिमेंट आणि मलब्याचा खर्च. शिवाय चार दिवस चूल बंद.

अशा वेळी दुकानदार चिकट पाठीची व्हिनाइल लादी दाखवतो. मागचा कागद सोलायचा आणि जुन्या फरशीवर चिकटवायची. तोडफोड नाही, सिमेंट नाही, एका दिवसात काम. अनेक घरांनी ती लावली आहे. काही ठिकाणी ती वर्षानुवर्षे छान राहिली, काही ठिकाणी दोन महिन्यांत कोपरे उचलले. फरक लादीत नव्हता, तिच्याखालच्या फरशीत होता. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून या कामाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ही लादी म्हणजे काय?

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, एक प्रकारचे प्लास्टिक. फरशीसाठीची लादी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड असते आणि बहुधा एक फूट बाय एक फूट मापाची मिळते. त्याहून पातळ, कागदासारखे स्टिकर भिंतीसाठी ठीक. रोजच्या पायाखाली ते टिकत नाहीत. घेताना बोटांत धरून जाडी पाहावी.

जाडी कमी असल्याने दार घासत नाही आणि फरशीची उंची वाढत नाही. जुन्या फरशीवर सिमेंटचा थर देऊन चिनी मातीची लादी बसवली तर उंची चांगलीच वाढते, मोरीकडचा उतार बिघडतो आणि पाणी उलटे घरात येते. जुन्या चाळीच्या वरच्या मजल्यावर जादा वजन पडते ते वेगळेच. म्हणून ज्यांची खोली भाड्याची आहे, ज्यांची चाळ पुनर्विकासाची वाट पाहत आहे, ज्यांना फोडाफोड करता येत नाही, त्यांना ही लादी सोयीची आहे. भाडेकरूंनी मालकाला आधी विचारावे, कारण पुढे लादी काढली तरी गोंदाचे डाग मागे राहतात. स्वतःचे पक्के घर असेल आणि तेथेच पुढची वीस वर्षे काढायची असतील, तर थोडे थांबून, पैसे साठवून पक्की लादी बसवणेच बरे.

कोठे लावू नये?

शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर ही लादी धरत नाही. तेथे आधी कोबा हवा आणि तो पूर्ण वाळायला हवा. मोरीत लावू नये. जेथे भांडी घासली जातात, बादल्या ओतल्या जातात तेथे जुना दगडच योग्य. लादी मोरीच्या कठड्यापाशी थांबवावी.

शेगडी जमिनीवर ठेवून स्वयंपाक होत असेल, तर शेगडीभोवतीची दोन-दोन फूट जागा मोकळी सोडावी. तापलेला तवा पडला तर व्हिनाइल वितळते, आणि पीव्हीसी जळले तर निघणारा धूर छातीला घातक असतो. स्टोव्ह किंवा चूल वापरणाऱ्या घरांनी तर या लादीच्या वाटेला जाऊच नये.

खरा शत्रू ओल

आमच्या माहितीतील एका घरी दसऱ्याच्या तोंडावर ही लादी लावली. तळमजल्याची खोली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पाहुणे आले तेव्हा फरशी आरशासारखी दिसत होती. दिवाळीपर्यंत कडा उचलल्या, झाडूच्या काड्या त्यांत अडकू लागल्या, उचललेल्या कोपऱ्याला ठेच लागून घरातली आजी पडता पडता वाचली. दुकानदाराने हात झटकले, "तुमच्या जमिनीचा दोष," म्हणाला. पैसे गेले ते गेलेच. पण दोष खरोखर जमिनीतच होता.

पावसाळाभर जमीन पाणी पिते. जुन्या घरांच्या तळाशी ओल अडवणारा थर बहुधा नसतो. पाणी कोब्यातून, दगडाच्या सांध्यांतून हळूहळू वर चढते. उघड्या फरशीवर ते वाळून जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. वर प्लास्टिकची लादी बसली की त्याची वाट अडते, आणि ते गोंद सोडवू लागते. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागला असेल, पांढरी भुकटी सुटत असेल, तर समजावे की ओल आहे.

तपासण्याची रीत सोपी आणि जवळजवळ फुकट आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर अंथरावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालची फरशी गडद झाली असेल, तर लादी लावू नये. मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ आणि मध्यभागी अशा तीन ठिकाणी ही परीक्षा करावी.  मात्र उन्हाळ्यातही थेंब दिसले, तर पावसाळ्यात काय होईल हे सांगायला नको. अशा घराने आधी गळका नळ, फुटलेली मोरी, भिंतीबाहेर तुंबणारे गटार यांचा बंदोबस्त करावा. गटार तुंबत असेल तर वस्तीने मिळून नगरपालिकेकडे अर्ज द्यावा. ते काम एका घराचे नाही.

मापे आणि हिशेब

समजा, स्वयंपाकघर ८ फूट बाय ६ फूट आहे, म्हणजे ४८ चौरस फूट. मोरीचे ६ चौरस फूट वजा केले की ४२ उरले. कापाकापीत वाया जाण्यासाठी दहा टक्के धरा. म्हणजे एक फुटाच्या ४७ लाद्या हव्यात. दर लादीला ६० रुपये धरला तर २,८२० रुपये होतात. हा दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतला आहे. आपल्या बाजारात दोन-तीन दुकानांत विचारावे. त्यात सांधे भरण्याचे साहित्य, प्रायमर, कडेला लावायचे सिलिकॉन आणि कटर यांचा खर्च मिळवा. पुष्कळ जण फक्त लादीचे पैसे मोजतात आणि खालच्या तयारीत काटकसर करतात. ती काटकसर सर्वांत महाग पडते.

सर्व खोकी एकाच लॉटची घ्यावीत, नाहीतर रंगात फरक पडतो. पक्के बिल घ्यावे. तीन-चार लाद्या जादा ठेवाव्यात, पुढे एखादी फाटली तर उपयोगी पडतात.

आणि एक स्पष्ट सांगतो. मुलांच्या शाळा-कॉलेजची फी भरायची असेल तर फरशी थांबू द्या. हप्त्याने किंवा व्याजाने पैसे काढून फरशी करू नका.

लावण्याची रीत

लाद्या खोलीत दोन दिवस आधी आणून सपाट ठेवाव्यात, म्हणजे त्या घरातल्या हवेला सरावतात. फरशीवरचा तेलकटपणा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने काढावा. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे, कारण सोडा-साबण राहिला तर गोंद धरत नाही. शहाबादी फरशीवर ॲसिड ओतू नये. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड तो खाते. मग फरशी पंखा लावून पूर्ण वाळवावी.

हलणारा दगड आधी सिमेंटने पक्का करावा. सांधे, भेगा, खड्डे फरशीसाठीच्या भरणीने सपाट भरावेत आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावेत. व्हिनाइल मऊ असते. खाली राहिलेला तांदळाएवढा खडादेखील काही दिवसांनी वर उमटतो. सर्व धूळ झाडून, पुसून, कोबा किंवा दगड पाणी शोषणारा असेल तर प्रायमरचा हात द्यावा.

समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून खडूच्या भुकटीत घोळलेल्या दोरीने फरशीवर दोन रेषा पाडाव्यात. त्या गुण्यात आहेत का ते पाहावे: एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट आले पाहिजे. घरातल्या शाळकरी मुला-मुलीला हे करायला लावा. पायथागोरसचा सिद्धांत पुस्तकाबाहेर कशाला लागतो, ते त्यांना कळेल.

कागद न सोलता आधी सर्व लाद्या मांडून पाहाव्यात. कडेला अर्ध्या लादीहून बारीक पट्टी येत असेल तर रेषा अर्धी लादी सरकवावी. मग मध्यापासून भिंतींकडे लावत जावे. मागच्या कागदावर बाण असतात, त्यांची दिशा पाहावी. पहिल्या लादीच्या कडेला दुसरीची कड टेकवून ती हळूच खाली सोडावी; सरकवू नये. लगेच मध्यापासून बाहेर दाबत जावे. रोलर नसेल तर लाटण्याला फडके गुंडाळून जोर देऊन फिरवावे. पाइपाभोवतीचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून घ्यावा. मोरीच्या कडेला आणि ओट्याच्या पायाशी सिलिकॉनची रेघ ओढावी. खोक्यावरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींकडून त्या आधी वाचून घ्याव्यात.

लावल्यावर एक दिवस जड सामान ठेवू नये, चार-पाच दिवस पाण्याने पुसू नये. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा असतो. तो फरफटत नेला तर लादी फाटते. चाकांची ट्रॉली घ्यावी. रबरी पायपुसणे ठेवू नये, त्याचा पिवळा डाग व्हिनाइलवर कायम बसतो. तेल सांडले तर लगेच पुसावे, पाय घसरतो. मुख्य म्हणजे बादलीने पाणी ओतून खराट्याने फरशी धुण्याची आपली सवय सोडावी लागेल. पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसणे पुरे. ती सवय सुटणार नसेल तर ही लादी घेऊ नये.

फरशी पुसते कोण?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छ राहायला, मुलांना शिकवायला सांगितले, आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे असेही सांगितले. आपण स्वच्छतेचा उपदेश लक्षात ठेवला, बरोबरीचा मात्र सोयीने विसरलो. घर स्वच्छ असते ते घरातल्या बाईचे गुडघे झिजतात म्हणून. ती कारखान्यातून किंवा चार घरची कामे करून येते, मग फुटक्या फरशीच्या सांध्यांतून मळ काढत बसते.

म्हणून या कामात तिचा शब्द पहिला असावा. मोरी कोठपर्यंत ओली होते, पिंप कोठे ठेवतात, भाकरी करताना ती कोठे बसते, हे तिलाच ठाऊक असते. रंग आणि नक्षी तिने निवडावी. गुळगुळीत, चकचकीत लादीपेक्षा खरबरीत बरी, हेही तीच सांगेल. फरशी घासणे, खड्डे भरणे, ओणवे होऊन लादी दाबणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी करावीत. एक रविवार गुडघ्यांवर काढला म्हणजे तिच्या रोजच्या कष्टाचा थोडा अंदाज येईल. आणि नवी फरशी झाल्यावर फडक्याची पाळी लावून घ्यावी. त्यात मुलगा-मुलगी भेद नको.

जयंतीला अजून दिवस आहेत. दुकानात जाण्यापूर्वी आज रात्रीच प्लास्टिकचा एक तुकडा फरशीवर चिकटवा आणि उद्या रात्री उचलून पाहा. कोरडी निघाली तर मापे घ्या. ओली निघाली तर पैसे डब्यातच राहू द्या आणि आधी मोरी दुरुस्त करा.