रानातल्या शिबिरात मुलं काय शिकतात?

आज आपण शाळेच्या रानातल्या शिबिराबद्दल बोलू. दिवाळी झाली, थंडी पडली की आपल्याकडच्या काही शाळा आठवी-नववीच्या मुलांना वर भीमाशंकरच्या डोंगराकडं नेतात. दोन रात्री तंबूत, तीन दिवस पायी. शाळेची चिठ्ठी येते आणि त्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूलाच राहतो. एक ताई म्हणतात, "पैसे देऊन रानात निजायचं कशाला?" दुसऱ्या म्हणतात, "आमचा जन्म सरपण वेचण्यात गेला, तिथं शिकायचं काय?" आणि चिठ्ठी मुलीची असली तर एवढंही बोलणं होत नाही. नाही म्हणजे नाही.

गेल्या हिवाळ्यात असंच झालं. मुलांची नावं दोन दिवसांत भरली, मुलींची चारच आली. मग आम्ही समन्वयक बायका शाळेतल्या बाईंना भेटलो, घरोघरी आयांशी बोललो आणि आमच्यातल्या दोघी सोबत जातो असं सांगितलं. तेव्हा कुठं मुलींचा आकडा अकरावर गेला. तिथं काय पाहिलं ते सांगतो.

तंबू आहुप्याच्या बाजूला, एका वाडीलगतच्या मोकळ्या शेतात होते. अभयारण्यात वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. जागा मुलांनीच शोधायची होती. त्यांनी काय निवडलं असेल? मऊ वाळूची, सपाट, छान जागा. वाडीतले वाटाडे दादा काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "इथं गवत का नाही रे?" पोरं विचारात पडली. मग एका मुलीच्या ध्यानात आलं की हा ओढ्याचा कोरडा तळ आहे, अवकाळी पाऊस आला तर पाणी इथूनच धावणार. तंबू वर हलवले. मग वर बघायला शिकले, डोक्यावर वाळकी फांदी नाही ना? पुस्तकात हे वाचून विसरलं असतं. स्वतःच्या अंथरुणाचा प्रश्न होता म्हणून राहिलं.

दुसरा धडा चुलीचा. पाळ्या लावल्या होत्या: पाणी, सरपण, स्वयंपाक, भांडी. मुलगा-मुलगी भेद नाही. पहिल्या सकाळी मुलांच्या गटानं ओलं लाकूड घातलं आणि धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले. काटक्या आधी, जाड लाकूड मागून, आणि हवेला वाट ठेवायची, हे मुलींनी त्यांना दाखवलं. चहाला साडेआठ वाजले. बाईंनी मुद्दाम हात लावला नाही, आम्हालाही लावू दिला नाही. आम्हाला ते फार अवघड गेलं, खरं सांगतो! पिण्याचं पाणी गाळून, चांगली उकळी फुटेपर्यंत तापवायचं आणि दुपारपर्यंत पुरवायचं. सांडलं की पुन्हा चढण चढून आणायचं. दुसऱ्या दिवशी कोणी सांडलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सगळं बोलतोय ती. आपल्या खालच्या गावांत ऊस उभा आहे तो डिंभे धरणाच्या कालव्यावर. धरण घोड नदीवर आहे, आणि घोड याच डोंगरात उगम पावते. मुलांनी तिथं बारीक धारेचा ओढा ओलांडला. वाटाड्या दादांनी सांगितलं, हेच पाणी पुढं तुमच्या शेतात येतं. पोरांना आधी खरं वाटेना. संध्याकाळी वाडीतल्या एक आजी शेकोटीला आल्या. त्यांचं माहेरचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठल्या बाजूला आपला बांध दिसायचा, ते त्या हातानं दाखवत होत्या. कोणी भाषण केलं नाही. बराच वेळ पोरं गप्प होती. मग एकानं विचारलं, "आजी, तुम्हाला कालव्याचं पाणी मिळतं का?" आजी हसल्या. म्हणाल्या, "बाळा, पाणी उताराला जातं." आम्हाला वाटतं, कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांनी एकदा तरी ही बाजू पाहायलाच हवी. सहलीच्या बसमधून ती दिसत नाही.

जंगलाचंही शिकले. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी, आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, झाडावरून झाडावर उड्या मारत जातं. म्हणून त्याला फांद्यांना फांद्या भिडलेलं रान लागतं. मधली चार झाडं तोडली तरी त्याचा रस्ता तुटतो. एकच शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं, हे ऐकून पोरांना गंमत वाटली. देवराईत मात्र आवाज आपोआप खाली गेला. तिथली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, ही वाडीची जुनी रीत.

रात्रीचं भय सगळ्या आयांना असतं. बिबट्या! पण मैत्रिणींनो, बिबट्या आता आपल्या उसातच पिलं घालतोय. मग मुलांना त्याच्याबद्दल कळायला नको का? कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. अंधारात एकट्यानं जायचं नाही, बॅटरी घ्यायची, मोठ्यानं बोलत जायचं, उघड्यावर वाकून बसायचं नाही. हे नियम घरीही तेच. सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. हातपाय न हलवता सरळ दवाखान्यात जायचं, कारण विषावरचं इंजेक्शन तिथंच मिळतं. सकाळी बूट झटकून घालायची सवय तर सगळ्यांनाच लागली.

मोबाइलला रेंज नव्हती, त्याचाही फायदा झाला. रात्री ध्रुवतारा शोधला. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की साधारण तेवढ्या उंचीवर उत्तरेला तो सापडतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात, म्हणजे दिशा कळली. एक पोर म्हणालं, "आमच्या आजोबांना हे येतं, मी कधी विचारलंच नाही."

आता मुलींचं. पाळीच्या दिवसांची चिंता खरी आहे, आणि त्यावर उपायही आहे. आम्ही एक वेगळी पिशवी ठेवली होती: पॅड, साबण, जुने कागद, झाकणाचा डबा. वापरलेलं सगळं डब्यात, परत खाली आणायचं. रानात टाकायचं नाही, पुरायचंही नाही. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. मुलींना आडोसा केला होता आणि जाताना दोघी-दोघी जायच्या. एकीला तिथंच पाळी आली. ती तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर कडा चढली.

मुलीला पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी शाळेला विचारा. सोबत शिक्षिका किती? मुलींच्या तंबूशेजारी कोणाचा तंबू? परवानगीचा कागद आहे का? रात्री गाडी हजर असेल का, आणि सापाचं इंजेक्शन असलेला जवळचा दवाखाना कोणता? ओढ्यात, धरणात उतरायला बंदी आहे का? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर पाठवू नका, मुलालाही नाही. मिळाली तर मग फक्त मुलगी आहे म्हणून नाव खोडू नका.

पैशाचं म्हणाल तर एका गटानं तिघींच्या मुलींसाठी अंतर्गत कर्ज दिलं, चार हप्त्यांत फिटलं. "हे काय कर्जाचं कारण आहे?" असं बैठकीत विचारलं गेलंच. अध्यक्षताईंनी रजिस्टर उघडलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'शिक्षण'.