बैलांसकट कुटुंब

माणसांना ‘हसा’ म्हणता येते; बैलांना काय म्हणावे?

पौषातली सकाळ. माणदेशातल्या आमच्या आजोळी साऱ्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता. खिल्लार जोडी पांढरीशुभ्र. दुपारच्या उन्हात फोटोत नुसता पांढरा डाग उमटतो. म्हणून कोवळे, तिरपे ऊन गाठले. मामांनी आधी वैरण घातली. भुकेले जनावर एका जागी ठरत नाही.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, त्या काळी काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. शेपूट हलले की फोटोतून नाहीसे! आता खिशातल्या फोनने निमिषात काम होते. जनावराचा स्वभाव मात्र तोच. मामीने माझ्या पाठीमागे कडब्याची पेंढी हलवली आणि दोन्ही बैलांनी कान टवकारले. करडू धाकटीच्या कुशीत, कुत्रा आजीच्या पायांशी.

आठवड्याने ट्रॅक्टर यायचा होता, जोडी बाजारात जायची होती. फोटोत सारे समोर बघताहेत. आजोबा तेवढे बैलाच्या वशिंडावर हात ठेवून त्याच्याकडे.

जोडी गेली. फोटो देवघराशेजारी लागला आहे.

वाचकहो, यंदाच्या थंडीत घरचा फोटो काढाल, तेव्हा गोठ्यातल्या मंडळींनाही बोलवा.