मोजमाप पुस्तिकेवरची सही

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाचे गणित चांगले आहे, मग पुढे काय? "कॉम्प्युटरला घाला," मामू सांगतात. "सिव्हिलचा डिप्लोमा करू दे आणि दुबईला पाठवा," चाचांचा सल्ला असतो. सिव्हिल शिकून आपल्याच तालुक्यातले रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळाखोल्या बांधाव्यात, असे मात्र सहसा कोणी सुचवत नाही. सुचवलेच तर अम्मीच्या कपाळाला आठी पडते. "त्या खात्यात वरकमाईशिवाय पान हलत नाही म्हणतात. माझ्या लेकराला त्यात कशाला ढकलता?"

ही भीती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या भीतीने सालस मुलांनी पाठ फिरवली, तर आपल्या गल्लीतले गटार आणि आपल्या मुलांची शाळाखोली कोणाच्या हातून बांधली जाणार? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका पुरेसा आहे.

या तालुक्यात रहिमतपूर आहे. तिथे आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाचा मकबरा आणि जुनी मशीद आहे. जवळच एक मोठी विहीर, तिला लागून उंच मनोरा आणि मनोऱ्यावर चढत जाणारा उतार आहे. मोटेने पाणी वर ओढायचे, उंचावरच्या हौदात साठवायचे आणि तिथून ते आपल्या दाबाने खाली मशिदीच्या कारंज्यापर्यंत न्यायचे, अशी ती योजना होती. आज गावोगावी दिसणाऱ्या पाण्याच्या उंच टाकीमागे हेच तत्त्व आहे. पाणी साधारण १० मीटर उंचीवर चढवले की खाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा दाब मिळतो. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, हौदाच्या जागी सिमेंटची टाकी आली, हिशेब तोच राहिला.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात धो-धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईपर्यंत हात आखडता घेतो, म्हणून या तालुक्याच्या बऱ्याच गावांनी टँकरचे दिवस पाहिले आहेत. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने तीत पहिला क्रमांक मिळवला आणि ५० लाख रुपयांचे बक्षीस आणले. बायाबापड्यांनी, पोरांनी उन्हात टिकाव-फावडी चालवली, हे खरेच. पण नुसत्या घामाने पाणी मुरत नाही. चर एका पातळीत खणला नाही, तर पाणी सखल टोकाला धावते आणि बांध फोडून जाते. म्हणून गावकरी आधी हायड्रोमार्कर वापरायला शिकले. दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, एवढेच ते साधन. दोन्हीकडे पाणी एका रेषेत आले की ती जागा समपातळीवर. स्थापत्य अभियांत्रिकीचा हा पहिला धडा. आधी मोजायचे, मग खणायचे.

मग या क्षेत्रातला अभियंता दिवसभर करतो तरी काय? कल्पना करा, एखाद्या वस्तीला रस्ता हवा आहे. ग्रामसभेत ठराव होतो. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजणी करतो, सरकारी दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश दिला जातो. काम सुरू झाले की खडी, वाळू, सिमेंट तपासणे, काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून प्रयोगशाळेत पाठवणे, ७ आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद पाहणे, ओतलेल्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारले जाते की नाही याकडे लक्ष ठेवणे, ही त्याची जबाबदारी. शिवाय रस्ता होण्याआधी पाण्याची पाइपलाइन टाकून घेणेही आलेच. आमच्या गल्लीत नवा रस्ता झाला आणि महिन्याभरात नळासाठी तोच उकरला गेला. दोन टेबलांनी एकमेकांना विचारले असते, तर तो खर्च आणि पावसाळाभर तुडवलेला चिखल दोन्ही टळले असते.

या सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तिका. साइटवर तिला नुसते 'एम. बी.' म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहिली जाते आणि त्यावरूनच ठेकेदाराचे बिल निघते. समजा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्ता ठरला. काँक्रीट लागेल ४५ घनमीटर. प्रत्यक्षात जाडी १२ सेंटिमीटरच भरली, तर लागले ३६. पुस्तिकेत १५ लिहिले, तर ९ घनमीटर काँक्रीट, म्हणजे सिमेंटच्या सुमारे ७० गोण्या, कागदावरच राहिल्या. फरक अवघ्या ३ सेंटिमीटरचा, दोन बोटांच्या रुंदीचा. पण पाचवा हिस्सा गेला आणि ओझ्याच्या गाड्या फिरू लागल्या की तो रस्ता फुटणार हे ठरलेलेच.

त्या ३ सेंटिमीटरवर सही करायची की नाही, हा प्रसंग या नोकरीत येतोच. कधी ओळखीचा माणूस आडून सुचवतो, कधी वरून निरोप येतो. अशा वेळी नुसते भाबडे राहून चालत नाही, कागद पक्का लागतो. चाचण्यांचे अहवाल जपावेत, साइटवर दिलेली प्रत्येक सूचना तारखेनिशी नोंदवावी, स्वतः मोजल्याशिवाय आकडा लिहू नये. लोकांचा पैसा ही अमानत आहे आणि तिचा हिशेब आपल्या हाताने लिहिला जातो, हे ज्याला घरातूनच शिकवलेले असते, त्याला 'नाही' म्हणणे थोडे सोपे जाते. म्हणून अम्मीच्या भीतीवर आमचे उत्तर एवढेच: लेकराला त्या खात्यापासून दूर ठेवण्यापेक्षा, तिथे ताठ उभे राहता येईल असे तयार करून पाठवा.

वाटही तशी जवळची आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन पदवीला जाता येते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, तर सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून सुरू आहे. पुढे जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग, नगरपरिषदा आणि नगरपंचायती यांच्या भरती परीक्षा असतात, वरच्या पदांसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. नोकरी लागेपर्यंत ठेकेदाराकडे साइटवर घालवलेली दोन वर्षे वाया जात नाहीत. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले यांच्या घरातल्या मुलांना तर ओळंबा आणि गुण्या लहानपणापासून ठाऊक असतो. अब्बांचा हात आणि पुस्तकातले गणित एकत्र आले तर काय बिघडले?

मुलींच्या बाबतीतही पुनर्विचार व्हावा. साइटवर धूळ आणि ऊन असते, ते खरे. पण सर्वेक्षण, संकल्पचित्रे, अंदाजपत्रके, गुणवत्ता तपासणी यांत मुली कुठेही कमी पडत नाहीत. आणि नळाला पाणी नसते तेव्हा घागर कोणाच्या डोक्यावर येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

ज्यांच्या घरात कोणी अभियंता नाही, त्यांनाही काम आहे. आपल्या वस्तीतल्या कामाचा फलक वाचा. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार नागरिकाला अशा कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने मागण्याचाही हक्क आहे. समोर विचारणारे असले की प्रामाणिक अभियंत्याचे बळ वाढते.

रहिमतपूरच्या त्या मनोऱ्याला किती सामान लागले, हे कोणीतरी एके काळी मोजले असेल. त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, पण त्याचे मोजमाप खरे होते, याची साक्ष तो मनोरा देतो. पुढच्या निकालाच्या दिवशी घरात चर्चा सुरू होईल, तेव्हा दुबई आणि कॉम्प्युटरबरोबर आपल्या तालुक्याचेही नाव एकदा घेऊन पाहा.