वसंतातील हिम आणि हिमलोट

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर मार्गावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी १९७८ मध्ये कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या संस्थेने सुरू केली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर हिमवर्षाव होत नाही. तथापि येथील कार्यालयांतून एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी तरुण हिमालयाच्या पदभ्रमणास निघतात आणि त्यांत मराठी मंडळीही असतात. थंडी सरली म्हणजे पर्वतावरील धोकाही सरला, अशी त्यांपैकी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी होय.

पर्वताच्या उतारावर साचलेले हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, याप्रमाणे थरावर थर रचले जातात आणि त्यांतील एखादा थर दुबळा असला की वरचा सारा भार त्यावरून घसरतो. यालाच हिमलोट किंवा हिमस्खलन म्हणतात. साधारणतः ३० ते ४५ अंशांचा उतार त्याला अनुकूल असतो. त्याहून सौम्य उतारावर हिम टिकून राहते, तर फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही.

वसंतात या रचनेत पाण्याची भर पडते. समुद्रकिनारी किल्ला रचणाऱ्या मुलांना ठाऊक असते, की किंचित ओली वाळू उत्तम चिकटते, पण पाणी अधिक झाले की किल्ला ढासळतो. हिमकणांचेही तसेच आहे. उन्हाने वितळलेले थोडे पाणी कणांना धरून ठेवते. अधिक पाणी झिरपू लागले की त्यांचे परस्परांशी असलेले बंध सुटतात. रात्र निरभ्र असेल तर हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडून गोठतो आणि पहाटे त्यावर कठीण कवच तयार होते. रात्री ढग असतील तर ही उष्णता अडून राहते व कवच धरतच नाही. म्हणूनच उबदार, ढगाळ रात्रीनंतरची सकाळ फसवी ठरते. ऊन प्रथम पूर्वेकडील उतारावर, नंतर दक्षिणेकडील आणि दुपारी पश्चिमेकडील उतारावर काम करते. जाणते वाटाडे अंधार असतानाच निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी उतार ओलांडतात, ते यामुळेच. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की परतण्याची वेळ झाली असे ते मानतात.

वसंतात नवे हिम पडत नाही, हाही भ्रमच आहे. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, सुमना येथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमलोट कोसळला, तो अनेक दिवसांच्या जोरदार हिमवर्षावानंतर. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला मार्गावरील हिमलोटात सात पर्यटक मृत्युमुखी पडले; वेळ भर दुपारची होती. बंगळूरकरांना अधिक जवळची घटना म्हणजे जून २०२४ मधील सहस्रताल येथील. बावीस जणांच्या तुकडीत कर्नाटकातील अठरा, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक वाटाडे होते. त्यांच्यापैकी नऊ जण दगावले. हा हिमलोट नव्हता. हिमवादळाने व गारठ्याने त्यांना गाठले. परंतु जूनच्या प्रारंभीही तेथे हिवाळा परतू शकतो, हे या घटनेने दाखविले.

कोरड्या हिमाचा लोट ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने धावतो. वसंतातील ओला लोट त्या मानाने संथ असतो, पण त्याचे वजन भयंकर असते आणि थांबताच तो काँक्रीटसारखा घट्ट बसतो. आत अडकलेल्याला बोटही हलविता येत नाही. श्वास कोंडण्यापूर्वी सुटकेला मिळणारा अवधी जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा असतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मदतीपेक्षा सोबत्यांजवळील शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे ही तीन साधनेच कामी येतात.

हिमाच्या अभ्यासासाठी भारताने १९६९ मध्ये मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन केली. २०२० मध्ये ती संरक्षण भू-सूचना विज्ञान संशोधन संस्थेत विलीन झाली आणि आता हिमलोटाचे पूर्वानुमान तीच संस्था प्रसृत करते. हे पूर्वानुमान एका विस्तृत प्रदेशाचे असते. समोरच्या एका उताराविषयी ते काही सांगत नाही. तेथे हिमात काठी खुपसून, ती कोणत्या खोलीवर एकाएकी सैल जाते हे वाटाड्यालाच पाहावे लागते.