ढगाशी सलगी नको

आम्हा कवी मंडळींनी ढगाला फार लाडावून ठेवले आहे. वैमानिक मात्र गडगडणारा ढग दिसला की वाट बदलतो.

३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. त्यांचे छोटे ‘किंग एअर सी-९०’ विमान मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले. आतले आठही जण गेले. माधवराव एके काळी देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री होते.

अशा ढगात भीती कशाची? आपल्याला वाटते, विजेची. पण वीज बहुधा विमानाच्या धातूच्या कवचावरून निघून जाते. खरा घात करतो तो वारा. ढगाच्या पोटात एक झोत सुसाट वर चढत असतो, शेजारीच दुसरा खाली कोसळत असतो. जेमतेम साडेचार टनांचे विमान त्यात पाचोळ्यासारखे हेलपाटते. पंखांवर बर्फ धरतो, गारांचा मारा होतो. वरून जावे, तर ढगाचा माथा १५ किलोमीटरवर. खालून जावे, तर जमिनीवर आदळणारा झोत विमानाला दाबतो. म्हणून तीव्र वादळापासून निदान ३७ किलोमीटर दूर राहावे, असा संकेत आहे.

छोट्या विमानात प्रवासी वैमानिकाच्या पाठीशीच बसलेला असतो, आणि बहुधा घाईत असतो. डिसेंबर २०२५पासून आमच्या पनवेल तालुक्यातूनही विमाने उडू लागली आहेत. वळवाच्या दिवसांत वैमानिक ‘जरा थांबू’ म्हणाला, तर थांबावे. सभा उद्याही भरते.